शब्दांचा लिलाव : इंटरनेटवरील जाहिरात आणि आपला लहान उद्योग

जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी आणि विष्णू या गिरण्यांच्या भोंग्यावर एकेकाळी सोलापूर शहराचे घड्याळ चालत असे. त्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. परंतु कापडाचा धंदा या गावाने सोडला नाही. यंत्रमागावरची जेकार्ड चादर, टॉवेल, नॅपकिन आणि अलीकडे शालेय गणवेश यांवर आजही हजारो घरे चालतात. माल कसा तयार करावा हे आपल्या माणसांना चांगले ठाऊक आहे. अडते ते गिऱ्हाईक शोधण्यापाशी.

पूर्वी बाहेरगावचा व्यापारी सोलापूर स्टेशनवर उतरून चाटी गल्लीत किंवा नवी पेठेत येत असे, माल हाताने चाचपून पाहत असे आणि मगच भाव बोलत असे. आज नागपूरचा लॉजवाला किंवा पुण्याची गृहिणी मोबाईलवर ‘सोलापुरी चादर’ एवढे दोनच शब्द टाइप करते आणि समोर येणाऱ्या पहिल्या चार-पाच नावांतून खरेदी उरकते. ती पहिली नावे तेथे कशी येतात? त्यासाठी पैसे द्यावे लागतात काय? किती? आणि आपल्यासारख्या अल्प भांडवलाच्या माणसाला ते परवडते काय? या प्रश्नांची उत्तरे सोप्या भाषेत देण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. आपले अनेक सुशिक्षित तरुण नोकरीची वाट न पाहता स्वतःचे संकेतस्थळ काढून व्यवसायाला लागले आहेत. त्यांचे घामाचे पैसे वाया जाऊ नयेत, हाच या लेखनामागील हेतू आहे.

जाहिरातीचा जुना व नवा मार्ग

वर्तमानपत्रातील जाहिरातीचे पैसे जागेवर ठरतात. इतके सेंटिमीटर जागा, इतका दर. ती जाहिरात किती जणांनी वाचली, वाचून किती जण दुकानात आले, याचा हिशेब कोणी देत नाही. भिंतीवर रंगविलेल्या जाहिरातीचेही तेच.

शिवाय जाहिरात छापायची की नाही, हे छापणाऱ्याच्या मर्जीवर असते. ही मर्जी कशी चालते याचा अनुभव आपल्या समाजाने घेतलेला आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केले, तेव्हा पैसे देऊ केले असतानाही ‘केसरी’ने त्या पत्राची जाहिरात छापण्यास नकार दिला, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदविले आहे. खिशात पैसे असूनही ज्याला जाहिरातीची जागा मिळत नाही, तो बाजाराबाहेरच राहतो.

इंटरनेटवरील शोधजाहिरातीने ही रीत बदलली. १९९८ मध्ये अमेरिकेत बिल ग्रॉस यांनी ‘गोटू’ नावाचे शोधस्थळ सुरू केले. त्यांची कल्पना अशी की, शोधण्याच्या शब्दावर व्यापाऱ्यांनी बोली लावावी, जास्त बोलीवाल्याचे नाव वर यावे आणि गिऱ्हाइकाने त्या नावावर क्लिक केले तरच व्यापाऱ्याने पैसे द्यावेत. नाव नुसते दिसले तर पैसे नाहीत. या स्थळाचे नाव पुढे ‘ओव्हर्चर’ झाले आणि २००३ मध्ये ते याहू कंपनीने विकत घेतले. गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये ‘अ‍ॅडवर्ड्स’ ही सेवा सुरू केली, तेव्हा ती जाहिरात किती वेळा दिसली यावर पैसे घेत असे. २००२ मध्ये तिनेही क्लिकमागे पैसे ही पद्धत स्वीकारली. २०१८ पासून ही सेवा ‘गूगल अ‍ॅड्स’ या नावाने चालते. गूगलच्या मूळ कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा भाग आजही जाहिरातींतूनच येतो.

या पद्धतीत जाहिरातदाराचे ओळखपत्र तपासले जाते, पण त्याची जात किंवा वस्ती पाहून जाहिरात नाकारणारा व्यवस्थापक मध्ये बसलेला नाही. शंभर रुपये भरणारा आणि एक लाख भरणारा दोघेही एकाच लिलावात उभे राहू शकतात. ही गोष्ट लहान नाही. मात्र दार उघडे असले तरी आत लिलाव चालू आहे, हे विसरता कामा नये. लिलावात नियम न समजता हात वर करणाऱ्याचे काय होते, हे आपण जाणतोच.

लिलाव कसा चालतो?

गड्ड्याच्या यात्रेत तोंडाशी असलेल्या जागेला मोल जास्त असते, कारण आत शिरणारा प्रत्येक माणूस तिच्यासमोरून जातो. गूगलच्या पानावरील वरच्या जागेचेही तसेच आहे. फरक एवढाच की, येथे जागेचा लिलाव वर्षातून एकदा होत नाही. कोणी शब्द टाकून शोधले की त्या क्षणी, प्रत्येक वेळी, नव्याने लिलाव होतो. ज्या नावांवर ‘प्रायोजित’ असे लिहिलेले असते ती या लिलावातून आलेली असतात. त्यांच्याखालील नावे मात्र पैसे न घेता, मजकुराच्या उपयुक्ततेवर लागलेली असतात.

लिलावात केवळ जास्त बोली लावणारा जिंकत नाही. जाहिरात शोधणाऱ्याच्या उपयोगाची आहे काय, लोक तिच्यावर क्लिक करण्याची शक्यता किती, आणि क्लिक केल्यावर उघडणारे पान चांगले आहे काय, यावरून गूगल तिची गुणवत्ता ठरवते. बोली आणि गुणवत्ता मिळून क्रमांक लागतो. एक उदाहरण घेऊ. आजचे सूत्र याहून गुंतागुंतीचे आहे, परंतु तत्त्व समजण्यास हे पुरेसे आहे.

समजा, तीन विक्रेते आहेत. पहिल्याची बोली १२ रुपये आणि गुणवत्तेचे गुण ४, गुणाकार ४८. दुसऱ्याची बोली ८ रुपये, पण गुण ८, गुणाकार ६४. तिसऱ्याची बोली १० रुपये आणि गुण ३, गुणाकार ३०. वरची जागा मिळाली दुसऱ्याला, जरी त्याची बोली सर्वांत कमी होती. आता पैसे किती? प्रत्येकाने खालच्याला मागे ठेवण्यापुरतेच द्यायचे असतात. दुसऱ्याला खालच्याच्या ४८ ला आपल्या ८ ने भागून ६ रुपये आणि वर थोडे पैसे पडतील. पहिल्याला ३० भागिले ४, म्हणजे साडेसात रुपयांच्या वर पडतील. खाली बसलेला माणूस वर बसलेल्यापेक्षा जास्त पैसे देत आहे!

यातून घ्यायचा धडा असा की, लहान उद्योजकाने मोठ्याशी बोलीत झुंजू नये. त्याने जाहिरातीचा मजकूर नेमका लिहावा आणि पान नीटनेटके ठेवावे. त्याला मेहनत लागते, भांडवल लागत नाही.

‘चादर’ या शब्दाने केलेली फसगत

माझ्या पुतण्याने काही वर्षांपूर्वी चादरी व टॉवेल विकण्यासाठी संकेतस्थळ काढले. आईने बचत गटातून उचललेल्या रकमेतून त्याने जाहिरातीसाठी पैसे भरले. तीन आठवड्यांत ८,४०० रुपये संपले आणि आल्या त्या ११ ऑर्डरी. “काका, लोक येतात, बघतात आणि जातात,” असे तो हताश होऊन सांगू लागला. हप्ता तर दरमहा भरावाच लागत होता.

आम्ही दोघांनी बसून कोणत्या शोधावर पैसे गेले त्याची यादी उघडली. गूगल अशी यादी देते, परंतु ती पाहण्याचे त्याला कोणी सांगितले नव्हते. यादी पाहून आम्ही थक्क झालो. त्याने ‘चादर’ हा शब्द मोकळा सोडला होता. लडाखमध्ये गोठलेल्या झंस्कार नदीवरून हिवाळ्यात जी पदयात्रा निघते, तिला ‘चादर ट्रेक’ म्हणतात. त्या सहलीची माहिती शोधणारे लोक आमच्या पानावर येऊन गेले होते. हिंदीत पत्र्यालाही चादर म्हणतात, म्हणून लोखंडी चादरीचा भाव शोधणारे आले होते. दर्ग्यावर चढविण्याची चादर शोधणारे आले होते. सोलापुरी चादर कशी धुवावी, असे विचारणारेही आले होते. त्यांच्या घरी चादर आधीच होती! यांतील प्रत्येकाच्या क्लिकचे पैसे पुतण्याने भरले होते.

चूक यंत्राची नव्हती. आम्ही शब्द नेमका दिला नव्हता. माणसाला ‘चादर’ म्हटले की तो संदर्भाने समजून घेतो. या पद्धतीत संदर्भ आपणच पुरवावा लागतो.

त्यासाठी दोन सोयी आहेत. पहिली, शब्द किती घट्ट धरायचा हे ठरविता येते. मोकळी जुळणी ठेवली तर त्या शब्दाशी दूरान्वयाने संबंध असलेल्या शोधांवरही जाहिरात दिसते. वाक्प्रयोगाची जुळणी ठेवली तर त्या अर्थाचा समावेश असलेल्या शोधांवर दिसते. नेमकी जुळणी ठेवली तर त्याच अर्थाच्या शोधावर दिसते. नवख्याने नेमक्या जुळणीपासूनच सुरुवात करावी. दुसरी सोय म्हणजे वर्ज्य शब्द. ‘ट्रेक’, ‘लडाख’, ‘लोखंडी’, ‘पत्रा’, ‘दर्गा’, ‘धुण्याची पद्धत’ असे शब्द वर्ज्य म्हणून नोंदविले की त्या शोधांवर जाहिरात येत नाही आणि पैसेही जात नाहीत. धान्य निवडताना खडे बाजूला काढावेत तसेच हे काम आहे. ते एकदा करून संपत नाही, दर आठवड्याला करावे लागते.

क्लिक म्हणजे विक्री नव्हे

या साऱ्या विषयातील मुख्य गोष्ट हीच आहे. पैसे द्यायचे ते क्लिकचे, आणि घर चालते ते विक्रीवर. या दोहोंमधील अंतर ज्याने मोजले नाही, तो धंदा वाढतो आहे असे समजून भांडवल खात राहतो.

हिशेब अवघड नाही. समजा, एका चादरीमागे कच्चा माल, मजुरी, पॅकिंग व टपालखर्च वजा जाता १५० रुपये उरतात. शंभर जणांनी क्लिक केले तर त्यांतील दोघे खरेदी करतात. म्हणजे शंभर क्लिकमागे नफा ३०० रुपये. तेव्हा एका क्लिकला जास्तीत जास्त ३ रुपये देता येतील, आणि तेही स्वतःच्या हाती काही न ठेवता. क्लिक ६ रुपयांना पडत असेल तर शंभर क्लिकचे ६०० रुपये जातील आणि प्रत्येक चादरीमागे १५० रुपयांचा तोटा होईल. विक्री जितकी वाढेल तितका तोटा वाढेल! त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्याची वजावट मिळते. नोंदणी नसलेल्याला ६ रुपयांचा क्लिक ७ रुपये ८ पैशांना पडतो. घरपोच पैसे देण्याच्या अटीवर गेलेला माल परत आला तर दोन्ही वेळचा वाहतूकखर्च आपल्याच माथी बसतो, तोही धरावा.

आता दुसरे उदाहरण. लॉज, वसतिगृह किंवा दवाखान्याला एकदम टॉवेल हवे असतात. समजा, अशा एका ऑर्डरमागे ४,००० रुपये उरतात आणि शंभर क्लिकमधून एकच ऑर्डर येते. तरीही येथे एका क्लिकला ४० रुपयांपर्यंत देणे परवडते. म्हणून ‘टॉवेल’ या शब्दापेक्षा ‘हॉटेलसाठी टॉवेल होलसेल’ हे शब्द आपल्या उपयोगाचे ठरतात. शोधणारे थोडे असतात, पण ते घेणारे असतात. गणवेशाच्या बाबतीतही एका पालकापेक्षा शाळेची खरेदी पाहणारा माणूस महत्त्वाचा. थोडक्यात, एका विक्रीमागे उरणारी रक्कम गुणिले शंभरांतून खरेदी करणारे, भागिले शंभर, ही आपली लक्ष्मणरेषा होय. ती वहीत लिहून ठेवावी आणि ओलांडू नये. अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट यांसारख्या बाजारस्थळांवरील क्लिकच्या जाहिरातींनाही हाच हिशेब लागू आहे.

सुरुवात करणाऱ्याने घ्यावयाची काळजी

१) खाते स्वतःच्या नावाने व स्वतःच्या ईमेलवर उघडावे. जाहिरात चालवून देणारे मध्यस्थ पुष्कळ आहेत आणि त्यांत प्रामाणिकही आहेत. परंतु खाते त्यांच्या नावावर असेल तर आपला सारा जुना हिशेब त्यांच्याच हाती राहतो. ‘कायम पहिला क्रमांक’ अशी हमी देणाऱ्यापासून दूर राहावे. प्रत्येक शोधाला नवा लिलाव होत असताना अशी हमी कोणीच देऊ शकत नाही.

२) शोधजाहिरात निवडताना इतर संकेतस्थळांवर जाहिरात दाखविण्याची खूण आधीच केलेली आढळते. सुरुवातीस ती काढून टाकावी. शोधणारा गरजू असतो, तर इतरत्र जाहिरात पाहणारा बातमी किंवा खेळात दंग असतो.

३) प्रदेश निवडताना त्या प्रदेशात ‘असणारे’ आणि त्या प्रदेशात ‘रस दाखविणारे’ असे भेद असतात. आपला माल जेथे पोहोचतो तेथे असणारेच निवडावेत.

४) दैनिक खर्चाची मर्यादा सरासरी असते. १०० रुपये ठरविले तर एखाद्या दिवशी २०० पर्यंतही खर्च होऊ शकतो. मात्र महिन्याचा खर्च दैनिक मर्यादेच्या ३०.४ पटीपुढे आकारला जात नाही. म्हणून मर्यादा ठरविताना महिन्याची रक्कम डोळ्यांपुढे ठेवावी.

५) जाहिरातीवर क्लिक केल्यावर त्याच वस्तूचे पान उघडावे. टॉवेल शोधणाऱ्यास दुकानाच्या दारात सोडून देऊ नये. पानावर खरे छायाचित्र, माप, किंमत, टपालखर्च आणि फोन क्रमांक असावा. साध्या मोबाईलवर ते चटकन उघडते की नाही, हे स्वतः पाहावे.

६) अनेक गिऱ्हाइके संकेतस्थळ पाहून फोन किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर देतात. त्यांना “आमचे नाव कोठे पाहिलेत?” असे विचारून वहीत नोंद करावी. ही नोंद नसेल तर कोणता शब्द कमाई करतो ते कळणार नाही.

७) बोली यंत्रावर सोपविण्याचा सल्ला वारंवार दिला जातो. यंत्र विक्रीच्या नोंदी पाहून शिकते. महिन्याला पाच-सात ऑर्डरी असताना त्याला शिकण्यासारखे थोडेच असते. प्रथम आपण शिकावे.

८) हौसेने स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक करू नये व नातेवाइकांनाही करू देऊ नये. संशयास्पद क्लिक गूगल वगळते, परंतु प्रत्येक फुकट क्लिक पकडला जाईलच असे नाही.

सोलापूरच्या नावाचा प्रश्न

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. सोलापूरच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या कमावलेले हे नाव परक्या मालावर लावून विकणे कायद्याने गैर आहे. परंतु लिलावात ‘सोलापुरी चादर’ या शब्दांवर बोली कोणीही लावू शकतो. बाहेरचा मोठा विक्रेता वरची जागा घेतो आणि सोलापूरचा विणकर आपल्याच गावाच्या नावासाठी पैसे मोजतो, असा प्रसंग येतो.

दुसऱ्याचे व्यापारचिन्ह असलेल्या शब्दावर बोली लावणे योग्य काय, हा प्रश्न न्यायालयातही गेला. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये असे म्हटले की, केवळ शब्द वापरला म्हणून हक्काचा भंग होत नाही; पण त्यामुळे ग्राहकाची दिशाभूल होत असेल तर तो भंग ठरू शकतो, आणि गूगललाही केवळ मध्यस्थ म्हणून अंग काढून घेता येणार नाही. तो खटला व्यापारचिन्हाविषयी होता. तरी आपण त्यातून एवढे घ्यावे की, जाहिरातीच्या मजकुरात खोटे नाव आढळल्यास त्याचे छायाचित्र काढून ठेवावे व उत्पादकांच्या संघामार्फत तक्रार करावी. एकट्याने बोली वाढवीत बसणे हा त्यावरील उपाय नव्हे.

विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द

हे काम शिकण्यास मोठी पदवी लागत नाही. गूगलचे ‘स्किलशॉप’ हे शिक्षणस्थळ विनामूल्य आहे व तेथे परीक्षा देऊन प्रमाणपत्रही मिळते. टक्केवारीचे गणित, नेमके लिहिण्याची सवय आणि चिकाटी एवढी शिदोरी पुरते. सोलापूरच्या मुलांकडे आणखी एक भांडवल आहे. येथे मराठी, हिंदी, तेलुगू, कन्नड कानावर पडतच मुले वाढतात. एकाच वस्तूला कोणी ‘चादर’ म्हणतो, कोणी ‘चद्दर’. कोणी ते देवनागरीत लिहितो तर कोणी रोमन अक्षरांत. गिऱ्हाईक कोणत्या शब्दांत विचारते हे ओळखणे हेच या कामाचे मर्म असल्याने, वस्तीतील व बाजारातील बोली कानाआड न करणारा विद्यार्थी येथे पुढे जातो. आपल्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या लहान व्यवसायाचा महिन्याचा हिशेब मांडून देणे, ही त्याची पहिली प्रयोगशाळा ठरू शकते.

शेवटी एक गोष्ट सांगणे अगत्याचे वाटते. जाहिरात ही टँकरसारखी आहे. उन्हाळ्यात टँकर लागतो, पण पैसे थांबले की टँकर थांबतो. मालाचा दर्जा, दिलेला शब्द, पुन्हा येणारे गिऱ्हाईक आणि गूगलच्या नकाशावर विनामूल्य करता येणारी दुकानाची नोंद ही आपली विहीर होय. टँकरचे पाणी वापरावे ते विहीर खोदून होईपर्यंत.

माझ्या पुतण्याने वर्ज्य शब्दांची यादी केली, ‘चादर’ हा मोकळा शब्द बंद केला आणि लॉजसाठी टॉवेल हा एकच माल धरून पुन्हा सुरुवात केली. खर्च पूर्वीच्या निम्म्यावर आला. बचत गटाचे कर्ज फिटण्यास वेळ लागला, पण ते फिटले. त्याच्या टेबलावर आता दोन रकान्यांची एक वही असते : एका बाजूस गेलेले पैसे, दुसऱ्या बाजूस आलेली ऑर्डर. व्यवसाय करू इच्छिणाऱ्या प्रत्येक तरुण-तरुणीने संकेतस्थळ उघडण्यापूर्वी तशी वही उघडावी, एवढीच विनंती.